एनबीएचा लक्झरी टॅक्स आणि संघमालकांची खर्चाची गणितं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, बघणाऱ्या मराठी मित्रमंडळींकडून दर जुलैत आणि दर फेब्रुवारीत एकच तक्रार येते: "इतका चांगला चाललेला संघ, मग हा खेळाडू सोडलाच का?" बहुतेक वेळा उत्तर मैदानावर सापडत नाही. ते पगाराच्या हिशेबात असतं, आणि तो हिशेब समजला की मालकाचा निर्णय पटो न पटो, कळतो तरी. वेगळं सांगितलं नसेल तिथे आकडे २०२५-२६ हंगामाचे आहेत. अमेरिकेत दशलक्षात मोजतात, इथे आपल्या सवयीने लाख-कोटींत दिले आहेत.

१. लक्झरी टॅक्स म्हणजे नेमकं काय? तो सरकारला जातो का?

नाही, सरकारचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. ही लीगनेच आपल्या संघांवर लावलेली वसुली आहे. खेळाडूंची संघटना आणि मालक यांच्यात जो सामूहिक करार होतो, त्यातलं हे एक कलम. १९९८-९९ च्या टाळेबंदीनंतर झालेल्या करारात ते आलं आणि २००२-०३ च्या हंगामात पहिल्यांदा प्रत्यक्ष वसुली झाली. संघाच्या खेळाडूंच्या पगाराची बेरीज एका ठरलेल्या रेषेवर गेली, की वरच्या प्रत्येक डॉलरमागे मालकाने लीगला वेगळे पैसे द्यायचे. यंदा ती रेषा १८ कोटी ७८ लाख ९५ हजार डॉलरवर आहे.

सुरुवातीचा दर सरळ होता: एक डॉलर वर गेलात, एक डॉलर भरा. २०१३-१४ पासून टप्पे आले आणि खरं दुखणं तिथून सुरू झालं.

२. मग अमेरिकन सरकारचा पगारावरचा कर मालकाला लागत नाही का?

लागतो, पण निर्णयांवर त्याचा परिणाम जवळजवळ शून्य आहे. अमेरिकेत मालकाला प्रत्येक नोकरदारामागे सोशल सिक्युरिटीसाठी ६.२ टक्के आणि मेडिकेअरसाठी १.४५ टक्के भरावे लागतात. पैकी सोशल सिक्युरिटीला वरची मर्यादा आहे. २०२५ मध्ये पगाराच्या फक्त पहिल्या १ लाख ७६ हजार १०० डॉलरवर ती लागते, म्हणजे प्रत्येक खेळाडूमागे अकरा हजारांच्याही आत. मेडिकेअरला मर्यादा नाही. गोल्डन स्टेट वॉरियर्सच्या स्टीफ करीचा यंदाचा पगार सुमारे ५ कोटी ९६ लाख डॉलर, त्यावर मालकाचा मेडिकेअरचा वाटा सुमारे ८ लाख ६४ हजार. खेळाडू कुठल्याही संघात गेला तरी ही रक्कम तेवढीच राहते, म्हणून कुणी तिच्यापायी खेळाडू सोडत नाही. याच पगारावर लीगचा टॅक्स किती चढू शकतो, ते प्रश्न ४ मध्ये बघा.

३. सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगाराची मर्यादा) असताना संघ तिच्या वर जातातच कसे? आयपीएलमध्ये तर पर्स संपली की विषय संपला!

आयपीएलची पर्स ही भिंत आहे. २०२५ च्या लिलावात १२० कोटी रुपये म्हणजे १२० कोटी, वर एक रुपयाही नाही. अमेरिकन फुटबॉलची लीगही साधारण तशीच कडक. एनबीएची कॅप मऊ आहे. १९८४-८५ मध्ये ती आली तेव्हा होती फक्त ३६ लाख डॉलर, आज आहे १५ कोटी ४६ लाख ४७ हजार. पण कॅपच्या वर असलेला संघही आपल्याच खेळाडूशी नवा करार करू शकतो, आणि किमान पगारावर खेळाडू घेऊ शकतो. शिवाय आणखी काही सवलती आहेत. म्हणून कॅप ओलांडणं ही इथे रोजची गोष्ट. मालकाला घाम फुटतो तो कॅपच्या बऱ्याच वर असलेल्या टॅक्सच्या रेषेवर.

हा फरक डोक्यात पक्का बसला की बाकीचं सोपं जातं. भिंत असती तर मालकाला "मी काय करू, नियमच आहे" म्हणून हात वर करता आले असते. इथे प्रत्येक खेळाडूवर किमतीची चिठ्ठी लावलेली आहे, आणि घ्यायचं की नाही हे मालकानेच ठरवायचं असतं.

४. टॅक्सचा हिशेब प्रत्यक्ष कसा करतात? एखादं उदाहरण द्याल का?

समजा एक संघ रेषेच्या बरोबर २ कोटी डॉलर वर आहे. यंदा एक टप्पा ५६ लाख ८५ हजारांचा आहे. पहिल्या टप्प्यावर दर १ डॉलर, दुसऱ्यावर सव्वा, तिसऱ्यावर एकदम साडेतीन, चौथ्यावर पावणेपाच, आणि पुढच्या प्रत्येक टप्प्याला अर्धा डॉलर वाढत जातो.

पहिला टप्पा: ५६ लाख ८५ हजार.
दुसरा: सुमारे ७१ लाख.
तिसरा: सुमारे १ कोटी ९९ लाख.
उरलेले २९ लाख ४५ हजार चौथ्या टप्प्यात, त्यावर सुमारे १ कोटी ४० लाख.

एकूण जवळपास ४ कोटी ६७ लाख डॉलर. जास्तीच्या दोन कोटींवर हा भार, आणि पगार वेगळा द्यायचाच.

आता तिसऱ्या ओळीकडे पुन्हा एकदा नीट बघा. पहिले दोन टप्पे जुन्या दरांपेक्षा स्वस्त झालेत. पूर्वी ते दीड आणि पावणेदोन होते. तिसऱ्या टप्प्याचा दर मात्र अडीचवरून साडेतीनवर गेला. त्यामुळे रेषेच्या थोडं वर जाणं आज पूर्वीपेक्षा सोपं आहे आणि तिथून पुढे चढ एकदम उभा होतो. हल्ली बरेच मालक "थोडंसं वर चालेल, पण इथवरच" असं का म्हणतात, त्याचं उत्तर त्या ओळीत आहे.

५. "रिपीटर" म्हणजे काय? काही संघांवर जास्त दर का लागतो?

आधीच्या चार हंगामांपैकी किमान तीन हंगाम टॅक्स भरला असेल तर संघ रिपीटर ठरतो. यंदाच्या दरांत रिपीटरला प्रत्येक टप्प्यावर दोन डॉलर जास्त: ३, सव्वातीन, साडेपाच, पावणेसात. प्रश्न ४ मधल्याच संघाने हा शिक्का घेतला असता, तर ४ कोटी ६७ लाखांऐवजी जवळपास ८ कोटी ६७ लाख भरावे लागले असते. त्याच खेळाडूंसाठी ४ कोटी डॉलर जास्त, आणि कारण काय, तर मागची वर्षं.

म्हणून मालक एका वर्षाचा विचार करत नाहीत. चार-पाच वर्षांचा पट मांडून "यंदा आणि पुढच्या वर्षी भरू, मग रेषेखाली येऊ" असं ठरतं. गोल्डन स्टेट वॉरियर्सनी २०२१-२२ मध्ये १७ कोटींहून जास्त टॅक्स भरला, २०२३-२४ मध्येही तितकाच प्रचंड, आणि २०२४-२५ मध्ये त्यांनी खर्च बराच आटोक्यात आणला. क्ले थॉम्प्सन २०२४ च्या उन्हाळ्यात डॅलसला गेला. चार विजेतेपदांचा साथीदार जाताना बघणं कठीण होतं.

६. हा जमा झालेला पैसा जातो कुठे?

प्रथेप्रमाणे निम्मी रक्कम त्या वर्षी टॅक्स न भरलेल्या सगळ्या संघांत समान वाटली जाते. उरलेली लीगच्या कामांसाठी, मुख्यतः संघांमधल्या उत्पन्नवाटपासाठी वापरतात. अलीकडच्या काही हंगामांत न भरणाऱ्या प्रत्येक संघाच्या वाट्याला १ कोटी डॉलरहून जास्त आले आहेत.

आता रेषेच्या फक्त एक लाख वर असलेल्या मालकाच्या जागी बसून बघा. टॅक्स लाखभरच, पण रेषा ओलांडली म्हणून त्याचा तो एक कोटीचा वाटाही गेला. त्याला शेवटचा लाख कोटीला पडला. रेषेला चिकटलेले संघ हंगामाच्या मधोमध बाराव्या-तेराव्या खेळाडूला दुसऱ्याकडे सोपवताना दिसतात, ते यामुळे.

७. सगळं फेब्रुवारीतच का घडतं? टॅक्स वर्षभराच्या सरासरीवर नसतो का?

नसतो. नियमित हंगामाच्या शेवटच्या दिवशी संघाच्या खात्यावर जो पगार उभा आहे, त्यावर टॅक्स लागतो. नोव्हेंबरमध्ये रेषेच्या कितीही वर असा, ट्रेडची (संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची) मुदत फेब्रुवारीत संपायच्या आत खाली आलात तर एक पैसाही देणं नाही.

इथे एक खाच आहे आणि ती पुष्कळ जणांच्या नजरेतून सुटते. फेब्रुवारीत ट्रेड झालेल्या खेळाडूचा संपूर्ण वर्षाचा पगार नव्या संघाच्या टॅक्सच्या हिशेबात धरतात, जरी रोखीने उरलेल्या दोन-अडीच महिन्यांचाच द्यायचा असला तरी. जुन्या संघाच्या हिशेबातून मात्र तो पूर्ण उतरतो. म्हणून रेषेच्या बऱ्याच खाली असलेले संघ अशा वेळी गिऱ्हाईकाची वाट बघत बसतात: "तुझा खेळाडू मी घेतो, सोबत पिक दे." पिक म्हणजे ड्राफ्टमध्ये, नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, खेळाडू निवडायचा हक्क. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू ऑर्लिन्स पेलिकन्सनी डॅनियल थाइसला दुसऱ्या फेरीच्या पिकसह ओक्लाहोमा सिटीकडे पाठवलं आणि रेषेखाली आले. ओक्लाहोमाने त्याला लगेच मोकळं केलं, त्यांना हवं होतं ते पिकच. न्यू ऑर्लिन्स आणि शार्लट या दोन संघांनी तोवर आपल्या इतिहासात एकदाही टॅक्स भरलेला नव्हता.

८. मालक नक्की कसं ठरवतो? श्रीमंत असेल तर भरेल, नाहीतर नाही, इतकं सोपं आहे का?

श्रीमंती हा भाग आहेच, पण तेवढ्यावर भागत नाही. मालकासमोर खेळाडूचा पगार हा आकडा नसतोच. त्याच्यासमोर असतो त्या खेळाडूमुळे वाढणारा एकूण खर्च. सगळ्यात ठसठशीत उदाहरण नोव्हेंबर २०२० चं. क्ले थॉम्प्सनच्या पायाची शीर तुटली आणि तो सलग दुसऱ्या हंगामाला मुकला. वॉरियर्सनी काही दिवसांतच त्याच्या जागी केली ऊब्रे या खेळाडूला आणलं. त्याचा पगार १ कोटी ४४ लाख. पण वॉरियर्स आधीच रेषेच्या खूप वर, म्हणून तेव्हाच्या दरांनी त्याच्यापायी सुमारे ६ कोटी ८० लाखांचा टॅक्स वाढत होता. एक ठीकठाक खेळाडू, किंमत आठ कोटींच्या वर! मालक जो लेकब यांनी होकार दिला.

का दिला? माझ्या मते तीन गोष्टी. पहिली, २०१९ पासून संघाचं स्वतःचं चेस सेंटर सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेलं होतं, आणि स्वतःच्या वास्तूत खेळणाऱ्या संघाला प्लेऑफचा (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचा) प्रत्येक घरचा सामना मोठी मिळकत देतो. दुसरी, करीची उत्तम वर्षं मोजकी होती, ती परत मिळणार नव्हती. तिसरी गोष्ट लोक विसरतात: मालकाची खरी कमाई वार्षिक नफ्यातून होत नाही, संघाच्या वाढत्या मूल्यातून होते. बोस्टन सेल्टिक्स २००२ मध्ये ३६ कोटी डॉलरला विकत घेतले गेले आणि २०२५ मध्ये ६१० कोटींच्या मूल्यावर विकले गेले. ज्याची मालमत्ता अशी वाढते आहे, तो एखाद्या वर्षी पंधरा-वीस कोटींचा तोटा सोसू शकतो. सोसायची इच्छा आहे का, हा वेगळा प्रश्न.

आणि लहान शहरांतल्या मालकाला या तीनपैकी पहिला आधार तोकडा मिळतो. पुढचा प्रश्न त्याबद्दलच आहे.

९. ओक्लाहोमाने जेम्स हार्डनला खरंच टॅक्समुळे सोडलं का?

हा प्रश्न दहा-बारा वर्षांत थांबलेला नाही. टॅक्स हे एकमेव कारण होतं असं मी म्हणणार नाही, मुख्य कारण होतं असं मात्र ठामपणे म्हणेन. गोष्ट जरा मागून सांगतो, कारण तिची सुरुवात फीनिक्समध्ये आहे.

जुलै २००७. फीनिक्स सन्स नुकताच ६१ सामने जिंकलेला संघ. टॅक्स वाचवायचा म्हणून मालक रॉबर्ट सार्व्हर यांच्या संघाने कर्ट थॉमसला सिअ‍ॅटलकडे पाठवलं आणि त्याला घेतल्याबद्दल वर दोन पहिल्या फेरीची पिकं दिली. थॉमसचा पगार सुमारे ८० लाख, डॉलरला डॉलर टॅक्स धरून वाचले साधारण दीड कोटी. त्यातलं २००८ चं पिक चोविसाव्या क्रमांकाचं निघालं. तोवर सिअ‍ॅटलचा संघ ओक्लाहोमा सिटीला हलत होता. त्या पिकवर त्यांनी निवडला सर्ज इबाका. फीनिक्सने वाचवलेल्या दीड कोटींतून ओक्लाहोमाला आपला मधला खांब मिळाला.

२०१२ मध्ये ड्युरंट, वेस्टब्रुक, हार्डन आणि इबाका यांना घेऊन हा संघ अंतिम फेरीत पोहोचला. ऑगस्टमध्ये इबाकाशी चार वर्षांचा करार झाला. ड्युरंट आणि वेस्टब्रुकचे मोठे करार आधीच झालेले. उरला हार्डन. आणि नव्या सामूहिक करारातले टप्प्याटप्प्याचे जबर दर २०१३-१४ पासून लागू व्हायचे होते, म्हणजे हार्डनचा नवा करार ज्या हंगामात सुरू होणार, नेमका तोच. संघाने चार वर्षांचे सुमारे साडेपाच कोटी देऊ केले, तो कमाल म्हणजे सुमारे सहा कोटी मागत होता. २७ ऑक्टोबर २०१२ ला त्याला ह्यूस्टनला पाठवलं. भारतात तेव्हा रविवारची सकाळ होती. बातमी वाचून आधी कुणीतरी थट्टा करतंय असंच वाटलं होतं.

चार वर्षांत मिळून पन्नास लाखांच्या आसपासचा फरक, असं लोक आजही म्हणतात. पण मालकाच्या कागदावर फरक पन्नास लाख नव्हता. चौथ्या मोठ्या करारामुळे रेषेच्या वर गेल्यावर लागणारे टप्पे आणि पुढे लागणारा रिपीटरचा शिक्का, ही खरी किंमत होती. लहान शहरातल्या संघाने ती टाळली. हार्डन २०१८ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि ते चौघे पुन्हा कधी एका संघात अंतिम फेरीत दिसले नाहीत. मला आजही वाटतं, त्या मालकांनी दोन वर्षं टॅक्स भरायला हवा होता.

१०. जास्त टॅक्स भरणारे संघ जास्त जिंकतात का?

नाही. पहिल्याच वसुलीच्या वर्षी, २००२-०३ मध्ये, पॉल अ‍ॅलन यांच्या पोर्टलंडने ५ कोटींहून जास्त टॅक्स भरला आणि संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला. न्यूयॉर्क निक्सनी २००६-०७ मध्ये साडेचार कोटी भरले आणि ४९ सामने हरले. ब्रुकलिन नेट्सनी २०१३-१४ मध्ये गार्नेट आणि पिअर्सला आणून ९ कोटींचा, तेव्हाचा विक्रमी, टॅक्स ओढवून घेतला आणि प्लेऑफची एकच फेरी जिंकली. त्या दोघांसाठी बोस्टनला दिलेल्या पिकांमधून पुढे जेलन ब्राउन आणि जेसन टेटम बोस्टनला मिळाले. २०२४-२५ मध्ये फीनिक्सने पगार आणि टॅक्स मिळून ३५ कोटींच्या वर खर्च केले, ३६ सामने जिंकले, ४६ हरले आणि प्लेऑफलाही पोहोचले नाहीत.

त्याच वर्षी अंतिम फेरीत ओक्लाहोमा आणि इंडियाना भिडले. दोघांनीही टॅक्स भरलेला नव्हता.

यातून "टॅक्स भरणं मूर्खपणा" असा निष्कर्ष काढू नका. वॉरियर्सनी २०२२ चं विजेतेपद विक्रमी टॅक्स भरूनच जिंकलं. फरक इतकाच की त्यांनी स्वतः घडवलेल्या संघाला टिकवण्यासाठी पैसा ओतला, तर वरच्या यादीतले बहुतेक बाहेरून आणलेल्या मोठ्या नावांसाठी भरत होते.

११. हा "एप्रन" काय प्रकार आहे? टॅक्सपेक्षा वेगळा का?

एप्रन म्हणजे टॅक्सच्या वरच्या आणखी दोन रेषा. पहिली १९ कोटी ५९ लाख ४५ हजारांवर, दुसरी २० कोटी ७८ लाख २४ हजारांवर. दुसरा एप्रन २०२३ च्या करारात आला.

टॅक्स पैसे मागतो, एप्रन संघाची हत्यारं काढून घेतो. पहिल्या एप्रनच्या वर गेलात तर ट्रेडमध्ये दिलेल्या पगारापेक्षा एक डॉलरही जास्त पगार परत घेता येत नाही, आणि मोठा करार सोडून मोकळा झालेला खेळाडू हंगामाच्या मध्यात उचलता येत नाही. दुसऱ्याच्या वर गेलात तर दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, ट्रेडमध्ये रोख देता येत नाही, मिड-लेव्हल सवलत (कॅपच्या वर असतानाही मधल्या पगाराचा खेळाडू घेण्याची मुभा) मिळत नाही, आणि सात वर्षांनंतरचं पहिल्या फेरीचं पिक गोठतं, म्हणजे ट्रेडमध्ये वापरता येत नाही. पुढच्या चारपैकी आणखी दोन हंगाम वर राहिलात तर ते पिक थेट पहिल्या फेरीच्या तळाशी जातं.

अब्जाधीश मालकाला पैशाने अडवता येत नाही हे लीगला वॉरियर्स आणि स्टीव्ह बाल्मरच्या क्लिपर्सवरून कळून चुकलं होतं. मालकाला पैशाची फिकीर नसली, तरी संघ चालवणाऱ्या व्यवस्थापकाला हात बांधून घ्यायचे नसतात. प्रश्न ४ मधला, रेषेच्या दोन कोटी वर असलेला संघ जवळपास दुसऱ्या एप्रनवरच उभा आहे, हेही लक्षात घ्या. पैशाचा चढ आणि नियमांची साखळी एकाच ठिकाणी गाठतात.

१२. सेल्टिक्सनी २०२४ ला जिंकलेला संघ वर्षभरात का मोडला?

वरच्या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या म्हणून. बोस्टनने तीन हंगाम सलग टॅक्स भरला होता, त्यामुळे २०२५-२६ मध्ये ते रिपीटर ठरणार होते. ते दुसऱ्या एप्रनच्या वर होते. संघ तसाच ठेवला असता तर पगार आणि टॅक्स मिळून खर्च ५० कोटी डॉलरच्या आसपास जात होता. मालकी बदलत होती. आणि मे २०२५ मध्ये निक्सविरुद्ध टेटमच्या टाचेची शीर तुटली. तो खेळणार नसेल तर विजेतेपदाची आशा कमी, मग इतका पैसा कशासाठी? जरू हॉलिडे पोर्टलंडला गेला, पोर्झिंगिस अटलांटाला. दोघांचे पगार प्रत्येकी ३ कोटींच्या वर होते. रिपीटरच्या दराने त्या दोघांची खरी किंमत पगाराच्या कित्येक पट पडत होती.

डेन्व्हरचंही तसंच, जरा सावकाश. २०२३ च्या विजेतेपदानंतर ब्रूस ब्राउन गेला, २०२४ मध्ये कॉल्डवेल-पोप, २०२५ मध्ये मायकल पोर्टर ज्युनियर आणि सोबत २०३२ चं पहिल्या फेरीचं पिकही.

१३. शेवटी हा टॅक्स खेळाडूंच्याच खिशातून जातो ना?

एकूण रकमेत नाही. बास्केटबॉलच्या उत्पन्नाचा साधारण अर्धा वाटा खेळाडूंना मिळणार हे करारातच ठरलेलं आहे. २०२५-२६ पासून सुरू झालेल्या ११ वर्षांच्या सुमारे ७६०० कोटी डॉलरच्या प्रसारण करारामुळे हा गल्ला वाढतच जाणार.

वाटणीत मात्र फरक पडतो, आणि तो मधल्या खेळाडूला सोसावा लागतो. ताऱ्यांना कमाल पगार मिळणारच, तरुणांचे पगार ठरलेलेच. हिशेब जुळवायचा तर कात्री लागते सातव्या, आठव्या, नवव्या खेळाडूला. तेहतीस वर्षांचा, भरवशाचा बचावपटू, जो दहा वर्षांपूर्वी वर्षाला ९० लाख ते एक कोटी कमावत होता, त्याला आज टॅक्सवाल्या संघाकडून किमान पगाराचा प्रस्ताव येतो. मला या व्यवस्थेतली ही बाजू सगळ्यात जास्त खटकते.

१४. विवेक रणदिवे यांच्या सॅक्रॅमेंटो किंग्जने टॅक्स भरलाय का?

रणदिवे मुंबईत जन्मलेले, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडून हमखास येतो. त्यांच्या गटाने २०१३ मध्ये ५३ कोटी ४० लाख डॉलरच्या मूल्यांकनावर किंग्ज घेतला. त्यांच्या काळात २०२४-२५ पर्यंत किंग्जने टॅक्स भरलेला नाही. आधीच्या मालकांच्या काळात, २००२-०३ मध्ये, भरला होता, कारण तेव्हा संघ विजेतेपदाच्या उंबरठ्यावर होता.

कंजूषपणा म्हणून याकडे बघणं चुकीचं ठरेल. बहुतेक वर्षं किंग्ज प्लेऑफच्या बाहेरच होता, २००७ ते २०२२ सलग. असा संघ टॅक्स भरून काय मिळवणार? ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि पेसर्स खेळले, ते ज्यांनी पाहिलं त्यांना या संघाबद्दल आपुलकी आहेच. मलाही आहे.

१५. किमान पगाराचे, टू-वेचे आणि ड्राफ्ट न झालेले खेळाडू कसे मोजतात?

बारीक पण कामाचा प्रश्न. टू-वे करारावरचे (मुख्य संघ आणि दुय्यम लीगचा संघ अशा दोन्हींकडून खेळणारे) तीन खेळाडू टॅक्सच्या हिशेबात मुळीच येत नाहीत. तीन किंवा जास्त हंगाम खेळलेला खेळाडू एका वर्षाच्या किमान करारावर आला तर त्याला त्याच्या अनुभवाप्रमाणे पगार मिळतो, पण संघाच्या नावावर दोन वर्षं अनुभवाच्या खेळाडूचा किमान पगारच लागतो, वरचा फरक लीग भरते. म्हणून टॅक्सवाल्या संघात शेवटच्या खुर्च्यांवर पस्तिशीचे अनुभवी खेळाडू दिसतात. उलट, ड्राफ्ट न होता किमान पगारावर आलेला नवखा हातात कमी घेत असला तरी टॅक्ससाठी त्याला दोन वर्षं अनुभवाच्या दराने मोजतात. ड्राफ्टमधून निवडलेल्याला ही अट नाही. दुसऱ्या फेरीच्या उशिराच्या पिकालाही टॅक्सवाले संघ किंमत देतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

१६. नको असलेला मोठा करार "स्ट्रेच" केला तर टॅक्स वाचतो का?

यंदाचा वाचतो, पुढच्या वर्षांचा वाढतो. खेळाडूला मुक्त करून उरलेला पगार, उरलेल्या वर्षांच्या दुप्पट अधिक एक इतक्या वर्षांत पसरवता येतो. जुलै २०२५ मध्ये मिलवॉकीने डेमियन लिलार्डचे दोन वर्षांचे सुमारे ११ कोटी ३० लाख पाच वर्षांत पसरवले आणि त्या जागेत माइल्स टर्नरला घेतलं. पण न खेळणाऱ्या लिलार्डच्या नावाने पाच वर्षं दरसाल सव्वादोन कोटींच्या वर रक्कम त्यांच्या हिशेबात उभी राहणार. घरचं कर्ज वाढवून घ्यावं तसंच हे.

१७. मालकाने खेळाडूला बाजूने गुपचूप पैसे दिले तर?

लीग याला सर्वात गंभीर गुन्हा मानते. मिनेसोटाने जो स्मिथशी छुपा करार केल्याचं २००० साली उघड झालं तेव्हा ३५ लाख डॉलर दंड झाला, स्मिथचा करार रद्द झाला आणि संघाची पहिल्या फेरीची अनेक पिकं काढून घेतली गेली.

१८. एखादा मालक मुद्दाम अगदी कमी खर्च करून प्रश्न ६ मधला वाटा खात बसला तर?

त्याला आता आळा आहे. संघाचा पगार कॅपच्या किमान ९० टक्के असावा लागतो, आणि २०२३ च्या करारापासून हंगामाच्या पहिल्याच दिवशी तो तेवढा हवा. नाहीतर टॅक्सच्या वाटणीतला हिस्सा गमवावा लागतो. पूर्वी हंगाम संपता संपता कुणालातरी उचलून ही अट पुरी करण्याची पळवाट होती.

१९. स्वतः घडवलेल्या खेळाडूंना टॅक्समध्ये सूट का देत नाहीत?

सध्याच्या करारात अशी सूट नाही. ड्राफ्टमधून निवडून, सहा-सात वर्षं वाढवलेला खेळाडू आणि काल पैसे देऊन आणलेला खेळाडू, दोघांचा डॉलर सारखाच मोजतात. माझं मत स्पष्ट आहे: आपल्याच ड्राफ्टमधल्या खेळाडूच्या पगाराचा काही भाग तरी टॅक्स आणि एप्रनच्या हिशेबातून वगळायला हवा. विरोधकांचं म्हणणं असं की मोठ्या शहरांचे संघही मग याच सुटीचा फायदा घेतील. ते घेतीलच. पण चांगली निवड आणि संयम यांचं बक्षीस म्हणून खेळाडू गमवावा लागणं मला त्याहून वाईट वाटतं.

२०. ओक्लाहोमावर पुन्हा २०१२ सारखी वेळ येणार का?

शहर तेच, व्यवस्थापक सॅम प्रेस्टीही तेच. २०२५ च्या विजेतेपदानंतर लगेच त्यांनी तिघांशी करार केले: होल्मग्रेन आणि जेलन विल्यम्सचे २०२६-२७ पासून, शे गिल्जस-अलेक्झांडरचा चार वर्षांचा २८ कोटी ५० लाखांचा २०२७-२८ पासून. यावेळी तिसऱ्याला सोडलं नाही. दुसऱ्या संघांची घाऊक पिकं त्यांच्याकडे साठलेली आहेत, म्हणजे महाग होत जाणाऱ्या सातव्या-आठव्या खेळाडूच्या जागी दरवर्षी स्वस्त तरुण आणता येईल. टॅक्स मात्र चुकणार नाही. तिन्ही करार एकदम चालू होतील त्या २०२७-२८ च्या फेब्रुवारीत आठव्या, नवव्या खेळाडूचं काय होतं, त्यावर नजर ठेवा.